समुद्राखालची भेग वाजवून बघताना

उन्हाळ्याची चाहूल लागली की रस्त्याच्या कडेला माठ विकायला येतात. माठ घेताना आपण तो उचलतो, बोटाच्या पेरानं वाजवतो आणि कान देऊन ऐकतो. खणखणीत वाजला तर घरी आणायचा, बद्द वाजला तर खाली ठेवायचा, मग वरून तो कितीही देखणा असो. तडा दिसत नाही, पण आवाजात कळतो.

भूशास्त्रज्ञ समुद्राच्या तळाशी हेच करतात, फक्त माठाच्या जागी पृथ्वीचं कवच असतं आणि तडा शेकडो किलोमीटर लांब असतो. तो तडा का शोधायचा, आणि तीन किलोमीटर पाण्याखाली, त्याखालच्या गाळाच्याही खाली असलेली गोष्ट आवाजानं 'दिसते' म्हणजे नेमकं काय होतं, ते या लेखात सांगायचं आहे.

यंत्रांनी नोंद घ्यायला सुरुवात केल्यापासून ९ किंवा त्याहून मोठ्या तीव्रतेचे पाच भूकंप झाले: कामचाटका १९५२, चिली १९६०, अलास्का १९६४, सुमात्रा-अंदमान २००४ आणि जपान २०११. पाचही एकाच प्रकारच्या जागी झाले. पृथ्वीचं कवच भूपट्टांत तुटलेलं आहे आणि हे भूपट्ट वर्षाला काही सेंटीमीटर सरकत असतात. जिथे समुद्राखालचा जड भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली शिरतो, त्या जागेला सबडक्शन झोन म्हणतात.

खाली जाणारा पट्टा सुखासुखी जात नाही. दोन पट्टे एकमेकांना जिथे घासतात ती भेग बऱ्याच ठिकाणी अडकून बसते. खालचा पट्टा पुढे सरकतच राहतो आणि वरच्या पट्ट्याची कड आपल्याबरोबर ओढत नेतो. ही कड शेकडो वर्षं दबत, वाकत राहते आणि एके दिवशी सुटते. सुटताना समुद्राचा तळ उचलला जातो, तळाबरोबर वरचं सगळं पाणी उचललं जातं, आणि तीच त्सुनामी.

आपल्याला भूकंप म्हटलं की कोयना आणि किल्लारी आठवतात. ते भूपट्टाच्या पोटात, तुलनेनं छोट्या भेगांवर झालेले भूकंप. १९९३ च्या त्या पहाटे किल्लारीत काय झालं ते महाराष्ट्र विसरलेला नाही, आणि तरीही ६.२ तीव्रतेचा तो भूकंप आणि जपानचा ९ चा भूकंप यांच्या ऊर्जेत पंधरा हजार पटींहून जास्त फरक आहे. एवढी ऊर्जा साठवायची तर भेगही तेवढी अवाढव्य लागते. म्हणून या भेगेचा आकार, उतार, गुळगुळीतपणा माहीत असणं हा माणसांच्या जिवाशी थेट जोडलेला प्रश्न आहे.

आता जहाजावर जाऊ. २०२१ च्या उन्हाळ्यात 'मार्कस जी. लँगसेथ' हे संशोधन जहाज अमेरिका आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यासमोर ४१ दिवस फिरत होतं. जहाजाच्या मागे पाण्यात एक केबल होती, १५ किलोमीटर लांब. चर्चगेटहून निघून रुळांवरून वांद्र्याला पोहोचावं, जवळजवळ तेवढी. तिच्यात १२०० हायड्रोफोन, म्हणजे पाण्यात ऐकणारे मायक्रोफोन, ओळीनं बसवलेले. केबलच्या पुढे, जहाजाच्या जवळ, एअरगनचा ताफा. एअरगन म्हणजे दाबलेल्या हवेची नळकांडी. गाडीच्या टायरमधल्या हवेच्या साठेक पट दाबाची हवा तिच्यात भरतात आणि झटक्यात पाण्यात सोडतात. मोठा बुडबुडा फुटतो, धप्प असा खर्जातला आवाज होतो. जहाज थोडं पुढे सरकतं, पुन्हा धप्प. असं रात्रंदिवस. या आवाजाचा देवमाशांना त्रास होतो, म्हणून जहाजावर निरीक्षक सतत पाण्यावर नजर ठेवून असतात आणि ठरावीक अंतराच्या आत प्राणी दिसला की एअरगन बंद करतात. अशा मोहिमांवर जो आक्षेप घेतला जातो तो मला रास्त वाटतो, आणि ही खबरदारी अत्यावश्यक वाटते.

आवाज खाली गेला की काय होतं? विहिरीत हाक मारल्यावर ती परत येते, तसंच. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. जहाजाखाली अडीच किलोमीटर पाणी आहे असं धरू. जायचे २५०० मीटर, यायचे २५००, म्हणजे सुमारे ३.३ सेकंदांनी तळावरचा प्रतिध्वनी हायड्रोफोनवर येतो. पण सगळा आवाज तळावरून परतत नाही. काही गाळात शिरतो. गाळाखाली घट्ट खडक लागला की तिथून पुन्हा थोडा परततो, उरलेला आणखी खाली जातो. जिथे जिथे पदार्थ बदलतो, म्हणजे त्याची घनता किंवा त्यातला आवाजाचा वेग बदलतो, तिथून एकेक प्रतिध्वनी येतो. बदल जेवढा मोठा, प्रतिध्वनी तेवढा ठसठशीत.

यात एक मेख आहे. प्रतिध्वनी वेळ सांगतो, खोली सांगत नाही. मऊ गाळात आवाज सेकंदाला दोन किलोमीटर जाईल, खाली घट्ट खडकात पाच-सहा किलोमीटर. वेग माहीत नसेल तर सात सेकंदांनी आलेला प्रतिध्वनी नेमका किती खोलवरून आला हे कसं ठरवायचं?

इथे ती १५ किलोमीटरची केबल कामाला येते. खालच्या एखाद्या थरावर आपटून परतणारा आवाज जवळच्या हायड्रोफोनकडे जवळजवळ उभा येतो, तर लांबच्या हायड्रोफोनकडे तिरका, लांबच्या वाटेनं. म्हणून तो उशिरा पोहोचतो. किती उशिरा, हे वाटेतल्या वेगावर ठरतं: खडक घट्ट असेल तर लांबची वाटही लवकर संपते आणि उशीर कमी होतो. १२०० हायड्रोफोनवरचे उशीर शेजारी शेजारी मांडले की त्यांची एक वक्ररेषा तयार होते आणि तिच्या बाकावरून वेग निघतो. केबल आखूड असेल तर खोल थरांसाठी हा बाक जवळजवळ दिसतच नाही. या भागात आधीची मोजमापं १९८० च्या दशकातल्या यंत्रांची होती, आणि ती भेगेपर्यंत नीट पोहोचत नव्हती.

मग येतं सफाईचं काम, आणि हे काम महिनोन्‌महिने चालतं. तळावरून आलेला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर खालून आपटतो, पुन्हा तळाकडे जातो आणि दुसऱ्यांदा परततो. चित्रात ३.३ सेकंदांना तळ दिसतो, आणि ६.६ सेकंदांना तळाचीच हुबेहूब नक्कल. खरी भेग नेमकी त्याच वेळेच्या आसपास असेल तर ही नक्कल तिच्या अंगावर पडते, आणि ती पुसल्याशिवाय खालचं काही कळत नाही. दुसरी अडचण तिरक्या थरांची. त्यांच्यावरून आलेला आवाज बाजूनं येतो, पण साध्या मांडणीत तो सरळ खालून आल्यासारखा दाखवला जातो, म्हणजे चुकीच्या जागी. खाली जाणारा भूपट्ट तर तिरकाच असतो! म्हणून प्रत्येक प्रतिध्वनी गणितानं उचलून त्याच्या खऱ्या जागी नेऊन बसवावा लागतो. २०२१ मध्ये ऐकलेल्या आवाजांचं तयार चित्र जून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं, यावरून या कामाचा आवाका कळावा.

ते चित्र म्हणजे समुद्रतळाचा उभा छेद, केक कापल्यावर थर दिसावेत तसा. वरती तळाची रेघ. तिच्याखाली गाळाचे आडवे थर, वहीच्या रेघांसारखे शिस्तीत. किनाऱ्याकडे सरकलं की ही शिस्त मोडते: अंगणातला चिखल फावड्यानं ढकलला की त्याच्या वळ्या पडतात तसे थर दुमडलेले, एकमेकांवर चढलेले दिसतात. वरच्या पट्ट्यानं खालच्या पट्ट्यावरून खरवडून काढलेला हा गाळ. आणि या गोंधळाच्या खाली एक लांबलचक रेघ, किनाऱ्याकडे हळूहळू उतरत जाणारी. तीच भेग. ती पहिल्यांदा ओळखता आली तेव्हा मी बराच वेळ स्क्रीनवर तिच्यावरून बोट फिरवत बसलो होतो.

हे जहाज ज्या भागात फिरत होतं त्याचं नाव कॅस्केडिया. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागापासून कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटापर्यंत, सुमारे ११०० किलोमीटर. इथे वान दे फूका नावाचा छोटा भूपट्ट उत्तर अमेरिकेखाली शिरतो. गोरे लोक तिथे वसल्यापासून या भेगेवर एकही महाभूकंप झालेला नाही, त्यामुळे ती निरुपद्रवी आहे असंही बराच काळ मानलं जात होतं. १९८० च्या दशकात भूशास्त्रज्ञ ब्रायन अ‍ॅटवॉटर यांना अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन राज्यातल्या खाड्यांमध्ये चिखलाखाली गाडली गेलेली जुनी गवताळ जमीन सापडली. जमीन अचानक खचली होती आणि तिच्यावर समुद्राची वाळू पसरली होती. खाऱ्या पाण्यात उभ्या उभ्या मेलेल्या देवदार जातीच्या झाडांची खोडं तिथे अजूनही आहेत. त्यांची वर्तुळं मोजल्यावर झाडं १६९९ चा उन्हाळा संपल्यानंतर आणि १७०० च्या वसंताच्या आसपास मेली असं निघालं.

जपानच्या जुन्या दप्तरांमध्ये जानेवारी १७०० च्या अखेरीस आलेल्या एका त्सुनामीची नोंद होती, आणि ती विचित्र होती, कारण तिच्याआधी जपानमध्ये भूकंप जाणवलाच नव्हता. जपानी भूकंपशास्त्रज्ञ केन्जी साताके आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दोन्ही धागे जोडले. लाटेचा प्रवास उलटा मोजत गेल्यावर तारीख निघाली २६ जानेवारी १७००, रात्री नऊच्या सुमारास. तीव्रता ९ च्या आसपास. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या मूळनिवासींच्या कथांमध्ये रात्री जमीन हादरल्याचं आणि समुद्रानं वस्ती गिळल्याचं पिढ्यानपिढ्या सांगितलं जातच होतं. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो: त्यानंतर काही आठवड्यांनी, मार्च १७०० मध्ये, सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराजांचं निधन झालं. तेव्हापासून आजपर्यंत ती भेग गप्प आहे. पट्टा वर्षाला साधारण ४ सेंटीमीटर सरकतो. सव्वातीनशे वर्षांचा हिशेब केला तर भेग पूर्ण अडकलेली असल्यास १३ मीटरची ओढ साठलेली असेल.

लँगसेथच्या मोहिमेतल्या संशोधक सुझान कार्बोट आणि सहकाऱ्यांच्या २०२४ च्या चित्रात दिसलं ते असं. ही भेग एकसलग नाही. तिचे निदान चार तुकडे पडलेले आहेत. खाली शिरणाऱ्या पट्ट्याचा आकार आणि वरच्या पट्ट्यातला खडक, दोन्ही जागोजाग बदलतात आणि त्यानुसार भेगेचा उतार नि पोत बदलतो. भूकंप एका तुकड्यात सुरू झाला तर कदाचित पुढच्या तुकड्याच्या वेशीवर अडेल. पण अडेलच असं चित्र म्हणत नाही. सगळे तुकडे एकदम सुटू शकतात की एकेक करून, हा वाद चालू आहे. मला यातला सगळ्यात गंभीर भाग वॉशिंग्टनसमोरचा वाटतो. तिथे भेग सपाट, गुळगुळीत आणि अगदी मंद उताराची आहे. भेग खडबडीत असेल तर तुटत जाणारा भूकंप ठेचकाळतो. गुळगुळीत असेल तर त्याला लांबवर धावायला मोकळं रान मिळतं. आणि उतार मंद असल्यामुळे ती भेग किनाऱ्याच्या अधिक जवळ, जमिनीखालीही गेलेली असू शकते, म्हणजे हादऱ्याचा उगम वस्तीच्या जवळ येतो. भूकंप कधी होईल हे कुठलंच चित्र सांगत नाही. तो झाला तर किती दूरपर्यंत जाऊ शकतो, त्याची हद्द मात्र ते आखून देतं.

चित्रामुळे शास्त्रज्ञांची समजूत उलटी झाल्याचं ठळक उदाहरण जपानचं आहे. ११ मार्च २०११ पूर्वी बहुतेकांचा समज असा होता की भेगेचा सगळ्यात उथळ भाग, सागरी गर्तेजवळचा (गर्ता म्हणजे खालचा पट्टा जिथे आत शिरू लागतो तिथली समुद्रतळावरची खोल चर), ओल्या मऊ गाळाचा असल्यामुळे तिथे ताण साठतच नाही. भूकंप खोलवर होईल आणि वर येता येता विझेल. जपानी संशोधकांकडे एका मार्गावर १९९९ मध्ये केलेली तळाची मोजणी होती. भूकंपानंतर जहाज त्याच मार्गावरून पुन्हा नेलं आणि दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले. जमिनीकडच्या बाजूचा समुद्रतळ सुमारे ५० मीटर गर्तेच्या दिशेनं सरकला होता आणि सुमारे १० मीटर वर उचलला गेला होता. छेदातही गर्तेच्या अगदी तळापर्यंत थर फाटलेले दिसले. भेग विझली नव्हती, वरच्या टोकापर्यंत फाटत आली होती. त्या त्सुनामीनं अठरा हजारांहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली.

पुढच्या वर्षी 'चिक्यू' हे जहाज तिथेच गेलं. छेदातल्या रेघेवर बोट ठेवून भोक कुठे पाडायचं ते ठरलं: सुमारे ६९०० मीटर पाणी, आणि त्याखाली आठशे मीटरहून जास्त खोल छिद्र. तिथे हाती आली निसरडी चिकणमाती, पाच मीटरहूनही पातळ थर. पावसाळ्यात काळ्या रानातून चालताना पाय सटकतो, त्या मातीत जे खनिज फुगतं त्याच कुळातलं खनिज या थरात भरपूर होतं. दीडेक वर्षानंतरही भेगेजवळचं तापमान आजूबाजूपेक्षा ०.३१ अंश जास्त होतं. घर्षणाची ती उरलेली ऊब. ऊब इतकी थोडी, याचा अर्थ घर्षणच फार कमी होतं, आणि म्हणून तळ ५० मीटर सरकू शकला.

या पाच मीटरांतून आवाजाच्या चित्राची मर्यादाही लक्षात येते. खोलवर फक्त खर्जातले आवाज टिकतात. २० हर्ट्‌झचा आवाज सेकंदाला ५ किलोमीटर जात असेल तर त्याची एक लाट २५० मीटर लांबीची होते, आणि साधारण तिच्या पाव हिश्श्यापेक्षा, म्हणजे साठेक मीटरपेक्षा, पातळ थराच्या दोन बाजू वेगळ्या दिसत नाहीत. चित्रातली रेघ भेग कुठे आहे ते सांगते, तिची जाडी सांगत नाही. तरी रेघेतून आणखी एक गोष्ट वाचता येते. आवाज घट्ट थरातून मऊ, पाणी भरलेल्या थरात जाताना परततो तेव्हा त्याची लाट उलटी होऊन येते. जपानच्या नानकाई भागात भेगेवरून अशा उलट्या लाटा आल्या आहेत. तिथे खडकाच्या फटींत पाणी दाबून कोंडलेलं आहे, आणि कोंडलेलं पाणी भेगेला आतून उचलून धरतं, म्हणजे ती घसरायला सोपी होते.

जहाजाचा आवाज दहा-वीस किलोमीटरांपर्यंत पोहोचतो. त्याच्या खाली बघायचं तर भूकंपालाच दिवा करावं लागतं. रुग्णालयातल्या सीटी स्कॅनमध्ये जसे अनेक बाजूंनी किरण सोडतात, तसे जगभरचे भूकंप पृथ्वीच्या आरपार लहरी पाठवत असतात. थंड खडकातून लहरी थोड्या लवकर जातात, तापलेल्या खडकातून थोड्या उशिरा. खाली गेलेला भूपट्ट कोट्यवधी वर्षं थंड राहतो, म्हणून तो भोवतालच्या प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या तापलेल्या खडकात, 'लवकरच्या' पट्टीसारखा उठून दिसतो. जपानी भूकंपशास्त्रज्ञ कियो वादाती यांनी १९३० च्या दशकातच जपानखालचे भूकंप एका तिरक्या प्रतलावर खोल खोल जात असल्याचं दाखवलं होतं. भूपट्टांची कल्पना तेव्हा मांडलीही गेली नव्हती.

अशाच चित्रात भारताच्या खालीही काही सापडलं आहे. भारत आणि आशिया यांच्यामध्ये एके काळी टेथिस समुद्र होता. त्याचा तळ आशियाखाली शिरत गेला, समुद्र मिटला, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला धडकला आणि हिमालय उभा राहू लागला. बुडालेला तळ तुटून खाली खाली जात राहिला आणि भारत त्याच्यावरून उत्तरेकडे सरकला. भूभौतिकशास्त्रज्ञ रॉब वान डर वो आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलेले त्याचे थंड तुकडे आपल्या पायाखाली हजार किलोमीटरहून खोल आहेत.

कोकण किनाऱ्याला ज्या सबडक्शन झोनची झळ खरोखर पोहोचली, तो मात्र जवळ आहे. पाकिस्तान आणि इराणच्या किनाऱ्यासमोरचा मकरान. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे तिथे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. काही तासांनी मुंबईत सुमारे दोन मीटरची लाट आल्याची नोंद आहे. बांधलेल्या होड्या सुटून वाहून गेल्या, माणसंही दगावली. मुंबईच्या इतिहासात ही सकाळ फारशी आठवली जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

मकरानचा नकाशा बघितला तर तिथे खोल गर्ता दिसतच नाही. छेद घेतल्यावर कळतं की ती गाळानं भरून गेली आहे. खाली शिरणाऱ्या अरबी पट्ट्यावर सात किलोमीटरपर्यंत जाड गाळ आहे, आणि त्यातून खरवडलेल्या वळ्यांची रास तीन-साडेतीनशे किलोमीटर रुंद, इतकी की तिचा मोठा भाग समुद्रातून वर येऊन कोरडी जमीन झाला आहे. भेगेचा उतार सुरुवातीला जेमतेम दोन-तीन अंश. जाड गाळाच्या दुलईखाली भेग उबदार राहते, त्यामुळे तिचा उथळ भागही भूकंपात सुटू शकेल असं काही संशोधकांचं गणित आहे. १९४५ मध्ये पूर्वेचा भाग सुटला. पश्चिमेचा, इराणसमोरचा भाग यंत्रांच्या काळात शांतच आहे. तो अडकून बसला आहे की गुपचूप सरकतो आहे, यावर एकमत नाही.

हैदराबादच्या 'इन्कॉइस' या समुद्राची माहिती पुरवणाऱ्या सरकारी संस्थेत २००७ पासून भारताचं त्सुनामी इशारा केंद्र चालतं. अंदमान-सुमात्रा आणि मकरान, या दोन्ही सबडक्शन झोनवर त्याचं लक्ष असतं. भूकंप झाल्यावर लाटेचं गणित नव्यानं करत बसायला वेळ नसतो, म्हणून भूकंप इथे झाला तर, तिथे झाला तर, एवढा झाला तर, अशी हजारो गणितं आधीच करून ठेवलेली असतात. मकरानकडून लाट निघाली तर मुंबई, रायगड, रत्नागिरीच्या किनाऱ्याकडे काही तास असतील. त्या वेळात कुठल्या कोळीवाड्याला काय सांगायचं, हे ज्या आकड्यांवरून ठरतं त्यात भेगेचा उतारही असतो, आणि तो मोजायला लागतात जहाजामागच्या केबलनं ऐकलेले प्रतिध्वनी.